डाव्या हाताने लिहिलेला अर्ज

मी स्वभावाने संशयी माणूस आहे. दूधवालीने एखाद्या दिवशी माप जरा भरून घातलं, तर दुसरा कोणी खूश होईल; मी आधी दुधाचा रंग बघतो. कोणी फार गोड बोलायला लागलं की माझे कान टवकारतात. ह्यात थोडा दोष माझा आणि थोडा रत्नागिरीचा. त्या काळात सरकारला ज्या माणसाचं काय करावं ते कळत नसे, त्याला ते आमच्या गावात आणून ठेवी. ब्रह्मदेशचा राज्य गेलेला राजा असाच आमच्याकडे होता. तो वारला तेव्हा मी शाळेत जात होतो. पुढे राजकारणातली माणसंही नजरकैदेत आली. ठेवलेली माणसं आली की त्यांच्यावर लक्ष ठेवणारी माणसं येतात, आणि तो लक्ष ठेवणारा कोण, हे काही त्याच्या कपाळावर लिहिलेलं नसतं. त्यामुळे कोपऱ्यावर छत्री घेऊन उभा असलेला प्रत्येक अनोळखी गृहस्थ आम्हाला गुप्त पोलीस वाटे. बहुतेक वेळा तो मोटारीची वाट बघत असे.

मी तेव्हा एका हायस्कुलात भूगोल शिकवत होतो. वय तिशीच्या अलीकडे पलीकडे, नोकरी नुकतीच कायम झालेली. मुलांना नद्या आणि डोंगर शिकवून माझं पोट भरत होतं, पण मन भरत नव्हतं. माझी खरी शाळा रविवारी तिसऱ्या प्रहरी आमच्या आळीतल्या वकिलांच्या ओटीवर भरे. वकिलांकडे मुंबईचं इंग्रजी वर्तमानपत्र आगबोटीने येई. आम्ही तिघं ते अथपासून इतिपर्यंत वाचत असू: वकील, एक निवृत्त पोस्टमास्तर आणि मी.

वकिलांनीच मला पहिल्यांदा जगाकडे बघायला शिकवलं. ब्रह्मदेशचा राजा दारूपायी राज्य घालवून बसला, असं आम्हाला शाळेत सांगितलेलं. वकील हसले. म्हणाले, "मास्तर, पूर्वेच्या अंगाने फ्रेंच सरकत होते. मध्ये सागवानाची जंगलं. फ्रेंचांनी हात घालायच्या आत इंग्रजांनी घातला. राजा पाणीसुद्धा पीत नसता, तरी त्याला रत्नागिरीला यावंच लागलं असतं." त्या दिवशी घरी जाताना टेकडीवरचा राजाचा तो रिकामा वाडा मला निराळाच दिसला. इतकी वर्षं तो मला एका दुर्दैवी माणसाचं घर वाटत होता.

वकिलांचा नियम एकच होता. कोणत्याही राष्ट्राचा शब्द धरायचा नाही, त्याचं हित कशात आहे ते शोधायचं. मग ते काय करणार, हे आपोआप कळतं. हा नियम मला इतका पटला, की मी तो शेजाऱ्यापाजाऱ्यांना लावून बघू लागलो. दुर्दैव असं की तो बऱ्याचदा बरोबर निघे.

इटलीने हबसाणावर, म्हणजे ॲबिसिनियावर, चाल केली त्या वर्षी आमच्या अभ्यासाला जोर चढला. मी खाकी कागद चिकटवून चिकटवून एक लांबरुंद नकाशा काढला. जिब्राल्टरपासून थेट मुंबईपर्यंत, मध्ये सुएझचा कालवा आणि तांबडा समुद्र. इंग्रजांची जहाजं म्हणजे चिंचोके, इटलीची गुंजा, फ्रेंचांची काजूच्या बिया. वकिलांनी आणखी एक पद्धत पाडली. प्रत्येकाने एक देश घ्यायचा आणि त्याच्या बाजूनेच बोलायचं. मनात काय आहे ते सांगायचं नाही, दुसऱ्याने ते ओळखायचं. इंग्लंड अर्थातच वकिलांनी घेतलं. पोस्टमास्तरांनी फ्रान्स घेतलं, कारण फ्रान्सला कमी बोलून चालत असे आणि त्यांना दमा होता. इटली कोणालाच नको होती, म्हणून ती माझ्याकडे आली. हबसाणाच्या बाजूने बोलायला कोणी बसलंच नव्हतं. ते आमच्या तेव्हा लक्षातही आलं नाही.

अशा रितीने दर रविवारी तीन भली माणसं ओटीवर बसून एकमेकांना फसवत असत.

त्यात दिवाळीनंतर चौथा माणूस आला. तो मिऱ्या बंदराच्या बाजूचा खलाशी. मोठ्या बोटींवर इंजिनखान्यात कोळसा ओढणारा, चाळिशीचा, काळाकभिन्न, बोलताना डोळे बारीक करणारा. रजेवर गावी आला होता. मुंबईहून त्याच्या सारंगाचं पत्र आलं, ते माझ्याकडून वाचून घ्यायला तो शाळेत आला आणि शाळेला सुट्टी म्हणून शोधत शोधत वकिलांच्या ओटीवर पोचला. सारंग म्हणजे बोटीवर खलाशी भरणारा मुकादम. त्याने लिहिलं होतं, की तुझी जागा वैशाखापर्यंत राखून ठेवतो. पावसाळ्यापूर्वीच्या शेवटच्या आगबोटीने मुंबईला ये. त्यानंतर मात्र मी बांधलेला नाही. मी पत्र वाचून दाखवलं. त्याने ते घडी करून, ज्या पत्र्याच्या नळीत जहाजाचा दाखला ठेवला होता, तिच्यात सरकवलं. तो दाखला असल्याशिवाय कुठल्याही बोटीवर पाऊल ठेवता येत नसे. ती नळी तो छातीशी बांधून फिरे.

निघताना त्याची नजर नकाशावर गेली. तो खाली उकिडवा बसला आणि बराच वेळ बघत राहिला.

"मास्तरानू, मसावा बंदर हितं नाय. आनखी खालती हाय," तो म्हणाला, आणि माझी एक गुंज उचलून त्याने चार बोटं दक्षिणेला ठेवली.

मी पदवीधर माणूस. मी आत जाऊन वकिलांचा ॲटलास आणला. मसावा खरोखरच खाली होतं.

"तू बघितलंयस?" वकिलांनी विचारलं.

"धा खेपा. गेल्या खेपेला कालव्यात इटलीच्या बोटींची रांग लागली व्हती. सोलजर गाणी बोलीत व्हते. नि इंग्रजांचा मानूस काठावर हुबा ऱ्हावन बघीत व्हता."

"अडवलं नाही?"

"कशाला अडवील? हात हालवलान."

वकील इंग्लंडच्या बाजूने तीन आठवडे सांगत होते, की वेळ आली तर आम्ही कालवा बंद करू. त्यांनी पानाचा डबा पुढे ओढला आणि सुपारी कातरायला घेतली. मला मनातून गुदगुल्या झाल्या आणि त्याचबरोबर रागही आला. आम्ही महिनोन्महिने अग्रलेख वाचून जे काढत होतो, ते ह्याने कोळशाच्या हातांनी दोन वाक्यांत सांगून टाकलं होतं.

तेव्हापासून तो दर रविवारी येऊ लागला. ओटीवर न बसता पायरीवर बसे. कुठे कोळसा मिळतो, कुठल्या बंदरात गोडं पाणी नाही, हे विचारलं तर सांगे. न विचारलं तर ऐके. वकील त्याला एकदा गमतीने म्हणाले, "अरे, तूही एक देश घे." तो म्हणाला, "मला नको देश. मी बोटीवर बरा." आम्ही पोट धरून हसलो. त्याच रात्री अंथरुणावर माझ्या मनात वकिलांचा नियम उठून बसला. ह्या माणसाचं हित कशात आहे? दोन मैल उन्हातून तंगडतोड करत हा आमचं बोलणं ऐकायला का येतो?

शंकेची पाल एकदा चुकचुकली की मला झोप येत नाही. तो विचारायचा ते प्रश्न मी आठवू लागलो. "ह्या कागद कुठनं येतो? तुमी आनखी कुनाला दाखवतांव? लढाई व्हईल का ओ, मास्तरानू?" प्रत्येक प्रश्न साधा होता, आणि तेच मला संशयास्पद वाटलं. आम्ही नकाशावर इंग्रजांच्या आरमाराची जहाजं मांडून, त्यांना कुठे कसं कोंडता येईल, ह्याच्या गप्पा मारत होतो. इटली होऊन मी स्वतः कितीदा तरी इंग्रजांचं माल्टा बेट घेतलं होतं. सरकारी मदतीवर चालणाऱ्या शाळेतल्या मास्तराने हे करावं, हे कोणाला कळलं असतं तर माझी नोकरी गेलीच होती.

मग एका रविवारी पोस्टमास्तर धापा टाकत आले आणि तो यायच्या आत आम्हा दोघांना म्हणाले, "आपला खलाशी पोलीस ठाण्यातून बाहेर पडताना मी बघितला. आजच नाही. मागच्या महिन्यातही बघितला होता. तेव्हा बोललो नाही."

वकिलांनी नकाशाची गुंडाळी केली. मी चिंचोके डब्यात भरले. तो आला, पायरीवर बसला, आणि आम्ही त्या दिवशी आंब्याच्या मोहोरावर बोललो. त्यानेही मोहोराविषयी चार शब्द सांगितले आणि उठून गेला.

तो जाताच वकील म्हणाले, "येऊ नको म्हणालो तर तो सावध होईल. येऊ दिला तर आपण अडकू. आधी तो त्यांचा आहे की नाही, हे पक्कं कळायला हवं."

ते कळायची युक्ती माझ्या डोक्यातून निघाली. तिचा मला त्या वेळी फार अभिमान वाटला, म्हणून ती नीट सांगतो. मोठी राष्ट्रं काय करतात? खोटी आवई उठवतात आणि समोरचा कसा हलतो ते बघतात. आपणही तेच करायचं. आमच्या जिल्ह्यात निनावी अर्ज करणं ही काही जगावेगळी गोष्ट नव्हती. बांधावरून भांडण झालं, शेजाऱ्याच्या मुलाला नोकरी लागली, सुनेला माहेरहून जास्त भांडी आली, की गेला कचेरीत एक निनावी अर्ज. तसाच एक मी ठाण्यात ह्या खलाशाविरुद्ध टाकणार होतो. तो पोलिसांचा माणूस असेल, तर पोलीस तो अर्ज फाडून टाकतील आणि काहीच होणार नाही. तो त्यांचा नसेल, तर त्याला बोलावतील, चार प्रश्न विचारतील आणि सोडून देतील. मग आपलीही खात्री पटेल. कोणाचं काही बिघडत नाही. इतकी स्वच्छ मांडणी मी वर्गातसुद्धा कधी केली नव्हती.

वकिलांना आणि पोस्टमास्तरांना मी ह्यातलं काही सांगितलं नाही. मनात काय आहे ते सांगायचं नाही, अशी आमची पद्धतच होती.

एका दुपारी शाळेतून लवकर येऊन, माजघराचं दार लोटून, मी डाव्या हाताने तो अर्ज लिहिला. माझं अक्षर गावातल्या निम्म्या मुलांच्या वह्यांवर होतं, म्हणून डावा हात. 'सदर इसम परदेशी बंदरांतील सैन्याच्या हालचाली लोकांस सांगत असतो, व त्याचेजवळ तत्संबंधी माहिती असल्याचा बळकट संशय आहे,' असं लिहिलं. खाली 'एक राजनिष्ठ प्रजाजन' असं घातलं. 'बळकट संशय' हे शब्द मला विशेष आवडले होते. बंदरावर चालत जाऊन तिथल्या पेटीत पाकीट टाकलं आणि घरी आलो. बायकोने चहा पुढे ठेवला. पेला मी डाव्या हाताने घेतला असावा, कारण ती म्हणाली, "अहो, डाव्या हाताला शाई कशी लागली?"

"मुलाची दौत सांडली," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे बघितलं आणि आत गेली. तीही काही कमी संशयी नव्हती. फक्त ती बोलत नसे.

पंधरा दिवस गेले. ठाण्यातून कोणी हललं नाही. खलाशी दर रविवारी येऊन पायरीवर बसत होता आणि आम्ही मोहोरावरून कैऱ्यांवर आलो होतो. माझी खात्री पटली. अर्ज फाडला गेला होता, म्हणजे माणूस त्यांचा होता. मी वकिलांना कानात सांगितलं, "पक्कं कळलं. कसं ते विचारू नका." वकिलांनी विचारलंही नाही. पुढच्या रविवारी त्यांनी ओटीचं दार लावून घेतलं. खलाशी येऊन पायरीवर थोडा वेळ बसला असावा. आतून आम्हाला त्याच्या खोकण्याचा आवाज आला. मग तो गेला. इतका वेळ श्वास धरून बसलेले पोस्टमास्तर मोठ्याने श्वास सोडत म्हणाले, "सुटलो."

त्यानंतर चौथ्या दिवशी भर दुपारी तो माझ्या घरी आला. अंगणात उभा राहून हाक मारली. उन्हाने त्याचा चेहरा रापलेला होता, हातात एक कागद होता, आणि छातीशी नेहमी असणारी ती पत्र्याची नळी नव्हती.

"मास्तरानू, ठाण्यात ह्या कागद दिलांनी. काय लिवलांनी तां सांगा. नळी काढून घेतलांनी."

मी कागद घेतला. ठाण्यातल्या कारकुनाचं मराठी. पहिल्या तीन ओळी नाव-गावाच्या. चौथ्या ओळीत लिहिलं होतं, की सदर इसमाजवळ परदेशी बंदरांतील सैन्याच्या हालचालींची माहिती असल्याचा बळकट संशय आल्यावरून, चौकशी पुरी होईपर्यंत त्याचा जहाजाचा दाखला जमा करून घेतला आहे. काही म्हणणं असल्यास आठ दिवसांत लेखी द्यावं.

बळकट संशय. शेवटच्या आगबोटीला बारा दिवस उरले होते.

"वाचा ना," तो म्हणाला.

मी वाचलं. माझाच मजकूर मी त्याला मोठ्याने वाचून दाखवला. बायको दारात येऊन उभी होती. तो मान खाली घालून ऐकत होता. झाल्यावर म्हणाला, "कुनीतरी अर्ज केलान, जमादार बोल्ला. माझा कोन वैरी हाय ओ? मी गावात असतंयच कुठं, वैर करायला?"

मग तो म्हणाला, की जबाब तुम्हीच लिहून द्या. मी बोलतो, तुम्ही लिहा. मी दौत घेतली, टाक घेतला, ह्या खेपेला उजव्या हातात, आणि तो सांगू लागला. मला त्याच्याविषयी जे काही कळायला हवं होतं, ते मला त्या अर्ध्या तासात कळलं. सहा महिने तो माझ्यासमोर बसला होता आणि मी त्याला एकदाही सरळ काही विचारलं नव्हतं.

मार्सेल्सच्या बंदरावर कोणीतरी छापील कागद वाटत होतं. ह्याने एक घेतला, तंबाखू बांधायला. मुंबईच्या गोदीत झडतीत तो सापडला. कागद सरकारविरुद्ध होता. ह्याला वाचता येत नव्हतं, म्हणून तुरुंग टळला. पण गावी असेपर्यंत दर महिन्याला ठाण्यात हजेरी लावायची, असं ठरलं. पोस्टमास्तरांनी त्याला बघितलं ते हजेरी लावून बाहेर पडताना.

"आनखी लिवा," तो म्हणाला. "फौजदारानी मला तीनदा इचारलांनी, वकिलांच्या ओटीवर काय चलतां? सांगशील तर हजेरी माफ करू, बोल्ले. मी सांगितलां, मास्तर भूगोल शिकवतत, मी ऐकतंय. नकाशाचां नाव मी काढलां नाय." तो थांबला. "नको, ह्या शेवटचां नका लिवू. नायतर नकाशा हाय म्हनून कळंल."

टाक माझ्या हातात तसाच राहिला. मला त्याच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. खरंच सांगतो, तसं वाटलं. पण मी विचारलं काय, तर, "मग तू दर रविवारी यायचास कशाला?"

"माझी बोट त्याच कालव्यानी जाते ना," तो म्हणाला. "तुमी येवढे शिकलेले. म्हटलां लढाई व्हनार का नाय, तुमाला ठाव असंल. व्हनार असंल तर घरात काय तरी सोय लावून जावी. म्हातारी हाय, दोन पोरी हायत."

त्याचं हित एवढंच होतं. आम्ही तिघांनी जिनेव्हाच्या राष्ट्रसंघाचं आणि लंडनच्या मनाचं गणित सोडवलं, पण पायरीवर बसलेल्या माणसाने तीनतीनदा तोंडाने विचारलेला प्रश्न आम्हाला प्रश्न वाटला नाही. आम्हाला त्यात डाव दिसला.

अर्ज लिहून झाला. खाली त्याची निशाणी आली. ज्याला सही येत नाही, त्याने आपल्या धंद्याची खूण काढायची, असा रिवाज. त्याने माझ्या हातातून टाक घेऊन जहाजाचा एक छोटा नांगर काढला. फार सुरेख काढला. त्याच्या शेजारी, ज्याने अर्ज लिहून दिला त्याने 'दस्तूर' म्हणून आपलं नाव घालायचं असतं. मी 'दस्तूर' लिहिलं आणि थांबलो.

नाव घातलं तर फौजदार मला बोलावणार. ओटी निघणार, नकाशा निघणार. आणि अक्षर उजव्या हाताचं असलं, तरी 'बळकट संशय' कोणाचा, हे विचारलं तर माझं तोंड मला लपवता येणार नव्हतं. त्याने माझ्याकडे बघितलं.

"नाव नको घालू, मास्तरानू," तो म्हणाला. "तुमची नोकरी जाईल."

आयुष्यभर तो मला 'तुम्ही' म्हणत आला. त्या एकाच वाक्यात त्याच्या तोंडून 'घालू' निघून गेलं, धाकट्या भावाला सांगावं तसं. आणि मी नाव घातलं नाही. 'दस्तूर' हा शब्द खोडून त्याच्या हातात कागद दिला.

संध्याकाळी मी वकिलांकडे गेलो. अर्जाचं सोडून बाकी सगळं सांगितलं आणि म्हणालो, की दस्तुराच्या जागी तुम्ही नाव घाला; तुम्ही वकील, तुम्हाला कोण काय करणार आहे? वकिलांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "मला त्याच्याबद्दल पूर्ण सहानुभूती आहे, मास्तर. पण ह्या प्रकरणात आपण तटस्थ राहिलेलं बरं." ते इतके महिने इंग्लंड झाले होते, की आता त्यांना परत वकील होता येत नव्हतं. पोस्टमास्तरांकडे गेलो, तर त्यांना दम्याची उबळ आली.

पुढचं मला त्यानेच सांगितलं, तेही हसत हसत. कारकुनाने विचारलं, हे लिहिलं कोणी? लिहिणाराचं नाव असल्याशिवाय असा कागद घेता येत नाही. हा म्हणाला, मीच लिहिलं. त्यांनी कोरा कागद आणि टाक त्याच्यापुढे टाकला आणि म्हणाले, लिही.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, नांगर काढला. आनखी काय येतां मला? त्यांनी धा येळा इचारलांनी, मी धा येळा नांगर काढला."

अर्ज परत आला. वैशाखातली शेवटची आगबोट गेली. त्या दिवशी तो बंदरावर होता. बोटीवर चढणाऱ्यांची गाठोडी पडावाच्या होडीतून वर देत होता. मी लांबून बघितलं आणि मागच्या मागे परतलो. त्याच सुमारास वर्तमानपत्रात आलं, की हबसाणची राजधानी पडली आणि लढाई संपली. वकिलांनी गुंजा आणि चिंचोके एकाच डब्यात ओतले.

दाखला त्याला गणपतीच्या आधी परत मिळाला. चौकशीत काही निघालं नव्हतं. निघण्यासारखं काही नव्हतंच. पण सारंगाने त्याची जागा दुसऱ्याला दिली होती, आणि एकदा दाखला जप्त झालेल्या माणसाला दुसरा कोणी सारंग उभा करीना. तो मग दुसऱ्यांच्या होड्यांवर जाऊ लागला. मोठी बोट त्याला पुन्हा मिळाली नाही. रस्त्यात भेटला की डोळे बारीक करून विचारायचा, "काय मास्तरानू, लढाई व्हनार का?" पुढे ती झाली, आणि खूप मोठी झाली. तेव्हा मात्र त्याने विचारलं नाही.

त्याला माहीत होतं का? ही शंका मला आजवर सोडत नाही. सगळ्या गावात लिहिता येणारी शेकडो माणसं असताना तो कागद घेऊन माझ्याच दारात का आला? नाव नको म्हणाला ते माझ्या नोकरीच्या काळजीने, की मला सगळं कळलंय हे मला कळावं म्हणून? कधी वाटतं, माहीत होतं आणि त्याने मला सोडून दिलं. कधी वाटतं, त्याच्या मनाला हे शिवलंसुद्धा नसेल, माझ्यासारखं मन सगळ्यांना नसतं. दोन्हींतलं कुठलं मला जास्त टोचतं, ते मी सांगू शकत नाही. तो गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. मी विचारलं नाही.

बायको एकदाच बोलली. त्या वर्षीच्या पावसाळ्यात, मी खिडकीशी वह्या तपासत बसलो होतो, तेव्हा. "तुम्हाला दोन्ही हातांनी लिहिता येतं. त्या गरिबाच्या कागदावर नाव तेवढं एकाही हाताने लिहवलं नाही." मी वर बघितलं नाही. वह्या तपासत राहिलो.

हे सगळं मी उजव्या हाताने लिहिलं आहे. लिहून झाल्यावर पहिल्यापासून वाचून बघितलं, तर ह्यात कुठेच कोणाचं नाव नाही. त्याचं घालायला माझा हात धजला नाही. माझं घालायला खाली जागा सोडली आहे, आणि आज तिसरा दिवस, मी टाक घेऊन तिच्यापुढे बसलो आहे.